कोयनेचे पाणी, उसाचा उतारा आणि बदलाचे तीन नियम

पावसाळा लागला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांत एक बातमी घरोघरी वाचली जाते. कोयना धरणात आवक किती क्युसेक, विसर्ग किती, साठा किती टीएमसीवर गेला, आणि खाली सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फुटांवर आहे. नदीकाठची माणसे या आकड्यांवर नजर ठेवून असतात. त्यांना नुसती पातळी पुरत नाही. पाणी तासाला किती चढते आहे, चढण्याचा वेग वाढतो आहे की मंदावतो आहे, हे त्यांना हवे असते. जनावरे कधी हलवायची, दुकानातला माल कधी वरच्या मजल्यावर न्यायचा, हे त्यावरच ठरते.

एखादी गोष्ट या क्षणी किती वेगाने बदलते आहे, त्या वेगाचा आकडा म्हणजे गणितातला अवकलज. अकरावी-बारावीची मुले त्याला डेरिव्हेटिव्ह म्हणतात. तो काढण्याचे तीन नियम ती पाठ करतात: चेन रूल, प्रॉडक्ट रूल आणि क्वोशंट रूल. सूत्रे पाठ होतात, गुण मिळतात, आणि पुष्कळांच्या बाबतीत गोष्ट तिथेच संपते. ती तिथे संपू नये. कारण हे तीन नियम म्हणजे बदल एका गोष्टीतून दुसऱ्या गोष्टीत कसा पोचतो याचा हिशेब आहे, आणि कृष्णाकाठी तो हिशेब वर्षभर चाललेला असतो.

एका टीएमसीने पातळी किती चढते?

कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. धरण भरले की शिवाजीसागर जलाशय सुमारे ११५ चौरस किलोमीटरवर पसरतो. एवढ्या पसाऱ्यावर एक टीएमसी पाणी सारखे पसरले, तर थर साधारण २५ सेंटिमीटर जाडीचा होतो. म्हणजे धरण भरत आलेले असताना एका टीएमसीमागे पातळी पाव मीटर चढते.

जूनच्या सुरुवातीला मात्र हे उत्तर चुकीचे ठरेल. तेव्हा पाणी दरीच्या तळाशी आक्रसलेले असते. पसारा भरलेल्या धरणाच्या निम्मा असेल, तर तेच एक टीएमसी पातळीला अर्धा मीटर उचलते. पाणी तेवढेच असूनही चढ दुप्पट होतो.

यात एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. पातळी केसभर वर गेली, तर धरणात नव्याने आलेले पाणी म्हणजे जलाशयाच्या पृष्ठभागाएवढा पसरट, केसभर जाडीचा एक थर. त्यामुळे पातळीनुसार साठा ज्या दराने वाढतो, तो दर म्हणजे त्या क्षणीच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ. दरीचा आकार कितीही वेडावाकडा असो, फाटे कितीही फुटलेले असोत, हे विधान तसूभरही बदलत नाही. साठ्याचा अवकलज काढायला सूत्र लागत नाही. तो आपल्या डोळ्यांसमोर पसरलेला असतो.

आता यात वेळ आणू. समजा, आवक ५०,००० क्युसेक आहे आणि विसर्ग १५,००० क्युसेक. निव्वळ भर सेकंदाला ३५,००० घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले, तर दिवसाला सुमारे ३०२ कोटी घनफूट, म्हणजे तीन टीएमसी. दिवसाला तीन टीएमसी आणि टीएमसीमागे २५ सेंटिमीटर; म्हणून पातळी दिवसाला सुमारे ७५ सेंटिमीटर चढणार.

हा गुणाकार म्हणजेच चेन रूल. वेळ बदलते तसा साठा बदलतो, साठा बदलतो तशी पातळी बदलते. प्रत्येक टप्प्याचा आपापला दर असतो, आणि सगळ्या टप्प्यांच्या दरांचा गुणाकार केला की पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंतचा दर मिळतो. एककेसुद्धा किती शिस्तीत वागतात ते पाहा. दिवसाला टीएमसी गुणिले टीएमसीला सेंटिमीटर. मधला टीएमसी गळून पडतो आणि दिवसाला सेंटिमीटर उरतात.

या नियमातली एक अट विद्यार्थ्यांच्या हातून सर्वांत जास्त निसटते, आणि कोयना ती आपोआप समजावते. टीएमसीमागे चढ किती, हा दर वापरताना जलाशयाचा आजचा पसारा घ्यावा लागतो. बाहेरच्या टप्प्याचा दर हा आतल्या टप्प्याच्या आजच्या किमतीला मोजायचा असतो. साइन(क्ष²) या फलाचे उदाहरण घेऊ. इथे क्ष वरून क्ष² होतो आणि क्ष² वरून त्याचा साइन. बाहेरच्या साइनचा दर कोसाइन, पण तो क्ष² या ठिकाणी मोजलेला. आतल्या क्ष² चा दर २क्ष. म्हणून उत्तर कोसाइन(क्ष²) × २क्ष. घाईत पुष्कळ जण कोसाइन(२क्ष) लिहून मोकळे होतात.

कोणते बरोबर, हे पुस्तक न उघडता ठरवता येते. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवा. क्ष = १ असताना साइन(क्ष²) येतो ०.८४१५. क्ष = १.०१ केला की तो होतो सुमारे ०.८५२२. म्हणजे ०.०१ चालल्यावर सुमारे ०.०१०७ ची वाढ. दर जवळपास १.०७. चेन रूलने येणारा दर १.०८, आणि पाऊल आणखी लहान घेतले की दोन्ही आकडे एकमेकांना भिडत जातात. कोसाइन(२क्ष) मात्र येतो उणे ०.४२. फल वाढत असताना ते घटते आहे असे सांगणारे उत्तर!

आयर्विन पुलाखाली

कोयना नदी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि ते पाणी पुढे सांगलीला येते. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी पाण्याची उंची मोजतात. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते.

इथली साखळी अशी: वेळेनुसार नदीचा प्रवाह बदलतो आणि प्रवाहानुसार पुलाजवळची उंची. पाणी पात्रात असते तोवर वाढीव प्रवाहाला वर चढण्यावाचून वाट नसते. काठ ओलांडून ते शेतांत आणि वस्त्यांत पसरू लागले की तेवढ्याच वाढीव प्रवाहाने उंची कमी वाढते, कारण पाण्याला आता आडवी जागा मिळालेली असते. म्हणून पुलाजवळचा चढ मंदावला एवढ्यावरून वरचा प्रवाह मंदावला असा निष्कर्ष काढता येत नाही. दोन दरांच्या गुणाकारात नेमका कोणता दर घटला, हे पाहावे लागते. एखाद्या शहाण्या माणसाला पुराच्या रात्री हा फरक कळणे फार मोलाचे आहे.

आणि सांगलीची उंची एकट्या कोयनेच्या हातात नसते. शहराच्या थोडे खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, आणखी खाली नृसिंहवाडीला पंचगंगा. त्यांना पूर असला की कृष्णेच्या पाण्याला पुढे सरायला जागा राहत नाही आणि ते मागे तुंबते. म्हणजे पुलाजवळच्या उंचीपर्यंत बदल एकाच वाटेने येत नाही. गणिताचे उत्तर इथेही सरळ आहे. प्रत्येक वाटेवरच्या टप्प्यांच्या दरांचा गुणाकार करा, आणि सगळ्या वाटांची बेरीज करा. एका वाटेवर गुणाकार, वेगवेगळ्या वाटांची बेरीज. पदवीच्या वर्गात शिकवला जाणारा अनेक चलांचा चेन रूल तो हाच.

या विचाराचे मूळ आपल्याला वाटते त्यापेक्षा फार जुने आणि फार जवळचे आहे. ११५० साली भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणि' लिहिला. सह्याद्रीच्या परिसरात राहणाऱ्या या गणितीसमोर प्रश्न होता आकाशाचा. आजचा चंद्र आणि उद्याचा चंद्र यांच्या स्थानांतला फरक ही दिवसाची गती झाली. पण चंद्राची गती दिवसभर सारखी राहत नाही. तिथी नेमकी कधी संपते हे सांगायचे, तर त्या क्षणाची गती हवी. भास्कराचार्यांनी तिला तात्कालिक गती म्हटले आणि ती काढताना ज्येच्या बदलाचा दर कोटिज्येच्या प्रमाणात घेतला. आजच्या भाषेत, साइनचा अवकलज कोसाइन. कोन वेळेनुसार बदलतो, ज्या कोनानुसार बदलते, आणि दोन्ही दरांची सांगड घालून ग्रहाची गती मिळते. न्यूटन आणि लायब्निट्झ यांच्या पाचशे वर्षे आधी ही साखळी इथे जोडली गेली होती. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, आणि त्या मठाचा शिलालेख आजही आपल्याला वाचता येतो.

दोन्ही बाजू वाढणारे शेत

आता नदी सोडून काठावरच्या उसात येऊ. वाळवा, पलूस, कराड या पट्ट्यात उसाच्या फडाकडे पाहताना दोन आकडे बोलले जातात: एकरी टन किती आणि उतारा किती. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर हाती येते. एकरातली साखर म्हणजे या दोहोंचा गुणाकार. ऊस उभा असताना दोन्ही आकडे एकाच वेळी बदलत असतात. मग साखर किती वेगाने वाढते?

समजा, फडात आज एकरी ४० टन ऊस आहे आणि उतारा ११ टक्के. म्हणजे साखर ४.४ टन. आठवड्याला वजन अर्ध्या टनाने वाढते आणि उतारा ०.१ ने, म्हणजे ११ वरून ११.१ टक्क्यांवर जातो. हा हिशेब एका आयताने मांडू. आयताची लांबी म्हणजे वजन, रुंदी म्हणजे उतारा, आणि क्षेत्रफळ म्हणजे साखर. लांबी वाढली की एका कडेला पट्टी जोडली जाते. रुंदी वाढली की दुसऱ्या कडेला दुसरी पट्टी. आणि दोन्ही वाढल्या म्हणून कोपऱ्यात एक चिमुकला चौकोन.

पहिली पट्टी: नवा अर्धा टन ऊस, जुना ११ टक्के उतारा, साखर ५५ किलो. दुसरी पट्टी: जुना ४० टन ऊस, वाढीव ०.१ टक्का; साखर ४० किलो. कोपरा: नवा अर्धा टन, वाढीव ०.१ टक्का, साखर अर्धा किलो. एकूण आठवड्याला साडेपंच्याण्णव किलो.

प्रॉडक्ट रूल कोपरा सोडून देतो आणि दोन पट्ट्यांची बेरीज ठेवतो: पहिल्याचा दर गुणिले दुसरे, अधिक पहिले गुणिले दुसऱ्याचा दर. अर्धा किलो असाच टाकून द्यायचा? तर आठवड्याऐवजी एक दिवस घ्या. दोन्ही वाढी एक सप्तमांश होतात. पट्ट्यांची साखर ९५ किलोंवरून सुमारे साडेतेरा किलोंवर येते, पण कोपरा एकोणपन्नासपटीने लहान होऊन जेमतेम दहा ग्रॅमचा उरतो. तास घ्या, मिनिट घ्या; कोपरा पट्ट्यांपेक्षा कितीतरी वेगाने आकसत जातो आणि क्षणाच्या दरात त्याचा वाटा शून्य होतो. आपण काहीही नजरेआड केलेले नाही. क्षणाचा दर काढताना त्या कोपऱ्याला जागाच उरत नाही.

गुणाकाराचा दर म्हणजे दोन दरांचा गुणाकार, असे प्रथमदर्शनी सगळ्यांनाच वाटते. लायब्निट्झलासुद्धा १६७५ च्या नोव्हेंबरमध्ये हा प्रश्न पडला होता. हस्तलिखितात त्याने तो स्वतःला विचारला आणि तिथेच ते खरे नाही हे पाहिले. पुढे १६८४ साली 'आक्टा एरुडिटोरुम' या नियतकालिकात गुणाकार आणि भागाकार यांचे बरोबर नियम त्याने छापले. ज्याने हे शास्त्र घडवले, त्यालाही थांबून पडताळावे लागले, ही गोष्ट वर्गातल्या प्रत्येक मुलाला सांगावी अशी आहे.

पाऊस पडला आणि उतारा घसरला

तोडणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला की कारखान्यात चिंता सुरू होते. ऊस पाणी ओढतो, वजन वाढते, साखर तेवढीच राहते. उतारा म्हणजे साखर भागिले वजन. छेद वाढला की उतारा घसरतो. इथे क्वोशंट रूल येतो: छेद गुणिले अंशाचा दर, वजा अंश गुणिले छेदाचा दर, आणि सगळ्याला छेदाच्या वर्गाने भागायचे.

हे सूत्र पाठ करताना वजाबाकीचा क्रम हमखास उलटा होतो. उसाने तो कायमचा लक्षात राहील. साखर वाढली तर उतारा वाढायलाच हवा, म्हणून अंशाच्या दराचे पद अधिक. वजन वाढले तर उतारा घटायलाच हवा, म्हणून छेदाच्या दराचे पद उणे.

छेदाच्या वर्गामागेही कारण आहे. दोन्ही बाजूंना मूळ उताऱ्याने भागून पाहा, म्हणजे दर टक्क्यांत येतील. सगळा पसारा गळून जातो आणि एक लख्ख वाक्य उरते: उताऱ्याच्या वाढीचा टक्का म्हणजे साखरेच्या वाढीचा टक्का वजा वजनाच्या वाढीचा टक्का. पावसाने वजन दोन टक्क्यांनी वाढले आणि साखर तेवढीच राहिली, तर उतारा स्वतःच्या सुमारे दोन टक्क्यांनी घसरतो. ११ चा होतो साधारण १०.७८. पक्व होणाऱ्या उसात वजनही वाढते आणि साखरही. साखरेचा टक्का वजनाच्या टक्क्यापेक्षा पुढे धावत असेल, तरच उतारा चढतो.

अंश आणि छेद दोन्ही बदलत असताना भागाकाराचा दर काढण्याची गरज आपल्याकडच्या ज्योतिर्विदांनाही पडली. सोळाव्या-सतराव्या शतकांत केरळात अच्युत पिषारटी यांनी 'स्फुटनिर्णयतंत्र' या ग्रंथात ग्रहगतीसाठी तो काढून दाखवला.

टक्क्यांचा हा चष्मा प्रॉडक्ट रूलवर लावला, तर तिथेही तीच लख्ख गोष्ट दिसते: गुणाकारात वाढीचे टक्के मिळवायचे, भागाकारात वजा करायचे. मघाच्या फडात वजन आठवड्याला सव्वा टक्क्याने वाढत होते आणि उतारा स्वतःच्या ०.९१ टक्क्याने. बेरीज २.१६ टक्के. ४.४ टनांचे २.१६ टक्के म्हणजे ९५ किलो. दोन पट्ट्यांनी दिलेले उत्तर पुन्हा हातात आले.

आता साताऱ्याच्या पश्चिमेला चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारांवर जाऊ. तिथे पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. वाऱ्यातून मिळू शकणारी शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. घन म्हणजे वेग गुणिले वेग गुणिले वेग. प्रॉडक्ट रूलने टक्के मिळवायचे; म्हणून वारा एक टक्क्याने वाढला, तर शक्ती एक अधिक एक अधिक एक, म्हणजे तीन टक्क्यांनी वाढते. क्ष³ चा अवकलज ३क्ष², हे आपण पाढ्यासारखे घोकतो. त्यातला तीनचा आकडा या तीन टक्क्यांच्या बेरजेतून येतो. आणि वारा स्वतः वेळेनुसार बदलतो, तेव्हा शक्तीचा वेळेनुसार दर काढायला पुन्हा चेन रूल लागतो. नियम एकमेकांत असे सहज गुंफले जातात.

तीनच का पुरतात

बारावीच्या पुस्तकात येणारे कितीही अक्राळविक्राळ फल घ्या. ते कशाचे बनलेले असते? घात, साइन, लॉगॅरिदम, घातांकी फले असे मोजके मूळ तुकडे, आणि त्यांना जोडणाऱ्या मोजक्या कृती: बेरीज-वजाबाकी, गुणाकार, भागाकार, आणि एकात दुसरे घालणे. बेरजेचा दर म्हणजे दरांची बेरीज, हे उघडच आहे. उरलेल्या तीन जोडणींसाठी हे तीन नियम. म्हणून सूत्रात लिहिता येणारे कोणतेही फल समोर आले, तरी एकच प्रश्न विचारायचा: सर्वांत शेवटी केलेली कृती कोणती? गुणाकार असेल तर प्रॉडक्ट रूल, भागाकार असेल तर क्वोशंट रूल, एकात एक घातलेले असेल तर चेन रूल. तो लावला की फल लहान तुकड्यांत मोडते. प्रत्येक तुकड्याला पुन्हा तोच प्रश्न. तुकडे लहान होत होत मूळ तुकड्यांवर येतात आणि उत्तर पुरे होते. वाट कधी अडत नाही.

हे किती मोठे भाग्य आहे, ते उलट दिशेने जाऊ लागल्यावर कळते. दरावरून मूळ फल शोधणे म्हणजे समाकलन. तिथे अशी हमी नाही. ई चा उणे क्ष² वा घात हे दिसायला साधे फल; पण ज्याचा अवकलज ते आहे असे फल या नेहमीच्या तुकड्यांत लिहिताच येत नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या लिऊव्हिल या गणितीने असे का घडते याचा सिद्धांत उभा केला. एका दिशेने तीन नियम कुठेही नेऊन पोचवतात आणि परतीच्या दिशेने पहिल्याच वळणावर रस्ता संपू शकतो.

आणि म्हणून वाटते की हे नियम शिकवताना मुलांना सूत्राआधी बदल दाखवावा. कोयनेच्या साठ्याचे आणि पातळीचे आकडे पावसाळ्यात रोज छापून येतात. लागोपाठच्या दोन दिवसांचे आकडे घ्या, साठ्यातल्या वाढीला पातळीतल्या वाढीने भागा. त्या दिवशी शिवाजीसागर किती चौरस किलोमीटर पसरला होता, हे साताऱ्यातल्या वर्गात बसून कळेल. जलाशय न पाहता, मोजपट्टी न लावता, नुसत्या दोन दरांच्या भागाकारातून. अवकलन शिकलेल्या मुलाच्या हातात एवढे सामर्थ्य असते, आणि त्याला ते पहिल्याच आठवड्यात कळायला हवे.